सरावासाठी आडवी झाले तेव्हा

"वैशाली, तुला दम लागतो का गं?" मॅडमनी विचारलं, तेव्हा मी टेबलावर आडवी होते.

घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात मी भूल विभागात नर्स आहे. ऑपरेशन चालू असताना इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कशी बघायची हे आमच्या भूलतज्ज्ञ मॅडम आम्हाला शिकवत होत्या. सराव एकमेकींवरच. माझ्या छातीवर माझ्यासोबतच्या नर्सनं, सुषमानं, इकोचा प्रोब धरला होता.

"मॅडम, ही झडप नीट उघडत नाहीय ना?" तिनं विचारलं.

मॅडमनी प्रोब स्वतःकडे घेतला. स्क्रीनवर पुन्हा पुन्हा बघितलं आणि मग मला दमाचं विचारलं.

मायट्रल स्टेनोसिस. हृदयाच्या डाव्या बाजूची झडप आकसलेली. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, त्याचा हा परिणाम. टेकडीवरच्या आमच्या घराकडे चढताना मी थांबत थांबत जायचे. वजन वाढलंय, एवढंच वाटायचं.

पुढच्या तपासण्यांनंतर सर्जन म्हणाले, "झडप बदलावी लागेल. आणि फुफ्फुसांतला दाब फार वाढलाय. गरोदरपण झेपणार नाही."

आम्ही मुलासाठी प्रयत्न करत होतो. बाहेर बाकड्यावर मी संदीपला, माझ्या नवऱ्याला, म्हटलं, "तू दुसरं लग्न कर."

"गप गं. आधी तू जग."

ऑपरेशनमधलं मला नंतर मॅडमनी सांगितलं. नवी झडप बसली, हृदय सुरू झालं. अन्ननलिकेत सोडलेल्या इकोच्या प्रोबमधून दिसलं, की झडपेच्या कडेनं रक्त गळतंय. पुन्हा हृदय थांबवलं, पुन्हा टाके घातले. ते तेव्हाच दिसलं नसतं तर मी आज लिहीत नसते.

आयसीयूत व्हेंटिलेटर लवकर निघाला नाही. तोंडात नळी, हात बांधलेले. शेजारच्या बेडवरची बाई माझ्या डोळ्यांदेखत गेली. इतकी वर्षं मी पेशंटना "घाबरू नका" म्हणत होते. ते किती पोकळ आहे, ते तिथं कळलं.

घरी आले, तर सासूबाईंनी जमवलेली दुपटी कपाटात नव्हती. त्यांनी ती कुणाला तरी देऊन टाकली होती.

जिना चढताना दम लागत असेल तर वजनावर ढकलू नका. हृदय तपासून घ्या, एवढंच सांगते.

इकोचं ट्रेनिंग मी पुरं केलं. मूल होणार नाही, हे मात्र अजून पचलेलं नाही. टीव्ही बंद केला की माझी धातूची झडप टिकटिकताना ऐकू येते. मला लाज वाटते, मी छातीवर उशी धरते.

संदीप उशी काढून घेतो. "वाजू दे ना," म्हणतो. "ऐकू आलं की बरं वाटतं."