गाडीला दम घेऊ दे

माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, एवढं म्हणून भागणार नाही. अविश्वास ठेवणं हीच माझी नोकरी आहे. मी मोटार विम्याच्या दावे विभागात अधिकारी आहे. 'साहेब, ब्रेक आपोआप लागला', 'साहेब, गाडी आपोआप पुढे गेली' — असलं रोज ऐकतो आणि रोज खाली लिहितो : चालकाची चूक. आजवर एकदाही गाडीची चूक निघाली नाही, आणि भुताची तर नाहीच नाही. त्यामुळे खाली जे लिहितोय ते दुसऱ्या कुणी माझ्या टेबलावर आणून दिलं असतं तर मी काय शेरा मारला असता, हे मला पक्कं ठाऊक आहे.

थोडं स्वतःबद्दल. मूळ गाव जालना जिल्ह्यात. वडील — आम्ही अण्णा म्हणायचो — मोंढ्यातल्या एका व्यापाऱ्याच्या ट्रकवर तीस वर्षं ड्रायव्हर होते. सहीच्या जागी अंगठा. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि हे मी संधी मिळेल तिथे सांगतो, लाजत नाही. चार वर्षांपूर्वी बदली होऊन जयपूरला आलो. प्रताप नगरमध्ये भाड्याचा फ्लॅट आहे. बायको शाळेत शिकवते, मुलगी ओवी नऊ वर्षांची. अण्णा गेल्यापासून आई आमच्याकडेच असते.

गाडी घेतली ती कॉम्पॅक्ट एसयूव्ही. एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, तीन सिलिंडर, मॅन्युअल गिअर, बटण स्टार्ट. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा नाही. उलट गाडी मला मनापासून आवडते. शहरात थोडी सुस्त आहे... जुन्या शहरात, चारदीवारीच्या गर्दीत, ई-रिक्षांच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटताना वाटतं, घेतली कशाला. टर्बो जागा व्हायला वेळ लागतो. पण हायवेला एकदा का आरपीएमची सुई दोन हजारांच्या पुढे गेली, की मागून कुणी ढकलल्यासारखी पळते. मे महिन्यातल्या उन्हात एसी पाच मिनिटांत गारठवतो. मायलेज शहरात बारा-तेरा, बाहेर सतरा. तक्रार एकच — उभी असताना तीन सिलिंडरची हलकी थरथर स्टिअरिंगवर जाणवते. आवाज मात्र नाही. काचा बंद असल्या की इंजिन चालू आहे का नाही, हे कळतसुद्धा नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा.

अण्णा या गाडीत एकदाच बसले. गाडी नवी होती, ते आईला घेऊन महिनाभर आले होते. इथे नवी गाडी मोती डुंगरीच्या गणपतीला नेऊन पूजा करायची रीत आहे, ती केली आणि तसाच त्यांना नाहरगडावर घेऊन गेलो. घाट चढताना टर्बोचा जोर दाखवत होतो, खरं सांगायचं तर मिरवत होतो. वर पोचलो, गाडी लावली, लगेच बटण दाबलं. इंजिन बंद.

अण्णा दचकले. "आरं! लगीच बंद केलीस? चढ चढून आलीय ती. दम घेऊ दे की तिला."

"अण्णा, ही तुमची जुनी डिझेल नाही. सगळं कॉम्प्युटरवर आहे."

"टर्बो हाय म्हणलास ना?"

"आहे. पण नव्या गाड्यांना लागत नाही ते. मी पुस्तक वाचलंय सगळं."

"वाचलंस ना? मग झालं," एवढंच म्हणाले आणि उतरले.

मी पुस्तक वाचलं नव्हतं. प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढलंसुद्धा नव्हतं. ज्या माणसाला वाचता येत नाही त्याच्यापुढे मी वाचल्याची थाप मारली... आणि त्यांनी ती मानली. कारण मुलगा शिकलेला आहे.

ट्रक थांबवल्यावर अण्णांची एक पद्धत असायची. इंजिन चालू ठेवून ते तिथेच बसून तंबाखू काढायचे, चुना लावायचे, तळहातावर सावकाश मळायचे, थाप मारून धूळ झटकायचे, चिमूट ओठात ठेवायचे आणि मग इंजिन बंद करायचे. साधारण एक मिनिट. घड्याळ नव्हतं, तंबाखू होती.

त्याच वर्षी श्रावणात ते गेले.

आता प्रसंग. मागच्या हिवाळ्यातला रविवार. बायकोला शाळेत परीक्षेची ड्यूटी होती, म्हणून मी, आई आणि ओवी असे तिघंच आभानेरीची बावडी, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, बघायला गेलो. परत येताना दौसा मागे टाकून आग्रा रोडनं बस्सीच्या अलीकडे आलो. दुपारचे पावणेचार वाजायला आलेले, ऊन लख्ख, हिवाळा असूनही काचा बंद आणि एसी चालू, रस्ता मोकळा. अर्धा तास गाडी शंभराच्या आसपास पळत होती. तेवढ्यात ओवीला डाव्या बाजूला हातगाडी दिसली.

"बाबा, अमरूद! रोको ना!"

"पेरू म्हण की गं," आई म्हणाली. "ही पोरगी मराठी हाय का मारवाडी?"

"आजी, मतलब तेच ना!"

मी गाडी डाव्या कडेला घेतली. अर्धी चाकं मातीत, अर्धी डांबरावर. आईचे गुडघे दुखतात म्हणून ती नेहमी मागे डावीकडे बसते, उतरायला सोपं पडतं. ओवी माझ्या मागे, म्हणजे रस्त्याच्या बाजूला. तिला हजारदा सांगितलंय की आजीच्या दारानं उतर. ऐकत नाही. आमच्या गाडीत चालताना दारं आपोआप लॉक होतात आणि इंजिन बंद केलं की टक् करून चारही उघडतात. त्या 'टक्'ची वाट बघत ही हँडल धरूनच बसलेली असते, आवाज आला की बाहेर.

न्यूट्रल केलं, हँडब्रेक ओढला, बटण दाबलं.

इंजिन बंद झालं नाही.

परत दाबलं. नाही. दाबून धरलं. नाही! इंजिन चालूच, आणि आवाज... जड, धडधड. सीटखालून येत होता, पाठीत जाणवत होता. मागे ओवी हँडल ओढतेय, लॉक उघडत नाही, तिची कुरकुर चाललेली. मला घाम फुटला. गिअर टाकून इंजिन बंद पाडावं असंही मनात आलं. माझ्याच दारावर लॉकचं बटण आहे, ते दाबावं हे मात्र सुचलं नाही. का सुचलं नाही, सांगता येत नाही.

"काय करायलास रे?" आई मागून म्हणाली. "घाई नको करू. थांब जरा."

मी मान वळवून तिला काहीतरी म्हणणार, तेवढ्यात उजव्या काचेत अंधार झाला.

एक खाजगी बस होती. पुढच्या डंपरला डावीकडून ओलांडायला ती कडेला घुसली होती. आमच्या गाडीला घासून... नाही, घासून नाही, आरसा घेऊन गेली. फाडकन् आवाज झाला, गाडी हलली, काचेचे तुकडे माझ्या खिडकीवर. हॉर्न, धूळ, आणि बस निघूनही गेली.

माझा उजवा आरसा वीस फूट पुढे रस्त्यावर पडला होता.

आणि मग इंजिन थांबलं. आपोआप. मी बटणाला हात लावला नव्हता. टक्... चारही लॉक उघडले.

ओवीचा हात हँडलवर होता. मी मागे हात घालून तो असा धरला की ती रडली. ते दार उघडलं असतं तर, हे वाक्य मी अजून एकदाही पूर्ण केलेलं नाही. इथेही करत नाही.

पेरूवाला धावत आला. "बच्ची ठीक है ना बाऊजी?" त्यानं पाणी दिलं, आईला आधार देऊन बाकड्यावर बसवलं. मी पेरू घेतले. का घेतले कुणास ठाऊक. त्याला बरं वाटावं म्हणून असेल. पिशवी देताना तो म्हणाला, "गाड़ी दिखा लेना। डीजल है क्या? घणी आवाज करे है।"

"पेट्रोल है," मी म्हणालो.

त्यानं गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पेरू रचायला लागला.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं. बटण अडकलं असणार. इलेक्ट्रॉनिक बिघाड. योगायोगानं वाचलो, देवाची कृपा, विषय संपला. सोमवारी वर्कशॉपमध्ये नेली, त्यांनी कॉम्प्युटर लावून दोन तास तपासली. एकही बिघाड नोंदलेला नाही. बटण उत्तम. "साहब, पाच सौ बार दबा लो," मेकॅनिक म्हणाला. मी पंधरा-वीस वेळा दाबून बघितलं. दर वेळी पहिल्या दाबाला बंद.

तरीही ठीक होतं. बिघाड येतात-जातात. मग आरशाचा दावा करायला घेतला. आमच्याच ऑफिसातले शेखावतजी, माझ्यासारखेच संशयी. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला जो मी सगळ्यांना विचारतो —

"गाड़ी चालू थी कि बंद?"

"चालू. बंद हो ही नहीं रही थी."

"अच्छा!" ते हसले. "आप भी 'अपने आप' वालों में आ गए? डैशकैम तो लगा है आपका. क्लिप लाइए फिर."

माझा डॅशकॅम इंजिन बंद झालं की बंद होतो. त्याच्या आतल्या छोट्या बॅटरीवर तो आणखी सात-आठ सेकंद रेकॉर्ड करतो, मग विझतो. मला वाटलं, बसचा नंबर मिळेल. संध्याकाळी घरी लॅपटॉपवर क्लिप लावली.

गाडी कडेला येते. हातगाडी दिसते. थांबते. बटणाचा आवाज येतो — पहिल्यांदा दाबलेलं. आणि इंजिन बंद होतं. कॅमेरा काचेलाच चिकटवलेला आहे, त्यामुळे ती बारीक थरथर थांबलेली त्यात स्पष्ट कळते. मग शांतता. लांबून पेरूवाल्याची हाक ऐकू येते, "मीठे अमरूद..." आणि त्या शांततेत ओवी म्हणते, "बाबा, बंद कर ना. बंद क्यूँ नहीं हो रही?"

आणि माझा आवाज : "थांब गं, इंजिन चालूच आहे!"

क्लिप तिथे संपते. पुढे काही नाही. बस नाही, आरसा नाही.

मी ती किती वेळा ऐकली, मोजलं नाही. हेडफोन लावला, आवाज पूर्ण वाढवला. इंजिन बंदच आहे. एसीची हवा त्या मिनिटात येत नव्हती, हे मला तेव्हा आठवलं. मग घाम कशाचा फुटला होता तेही कळलं. पण इंजिन बंद असेल तर लॉक का उघडले नाहीत? आणि आम्ही तिघं, आणि बाहेर उभा असलेला तो चौथा माणूस, काय ऐकत होतो?

आईला क्लिप ऐकवली. ती दोनदा ऐकून म्हणाली, "यात तर बंद हाय की गाडी."

"आई, तू आवाज ऐकलास ना त्या दिवशी? खरं सांग."

"ऐकला. तीस वर्षं ऐकला. दारात यून थांबायचा, तंबाकू मळून हुईपर्यंत चालायचा. बंद झाला की मी चहा टाकायची." मग पेरू चिरायला बसली. जणू मी भाजीचा भाव विचारला होता.

तिच्याइतक्या खात्रीनं बोलायची माझी तयारी नाही. वास-बीस काही आला नव्हता, कुणी दिसलं नव्हतं, खोटं कशाला सांगू.

त्या रात्री मी ग्लोव्ह बॉक्समधून गाडीचं पुस्तक आणलं आणि पिशवी फाडली. टर्बोबद्दल अर्धं पान आहे. वेगात किंवा चढावर गाडी चालवल्यानंतर इंजिन लगेच बंद करू नये, थोडा वेळ तसंच चालू ठेवावं, असं स्वच्छ छापलंय. अण्णांनी जे सांगितलं तेच, फक्त इंग्रजीत.

आता मी प्रत्येक वेळी थांबतो. सोसायटीच्या पार्किंगमध्येसुद्धा. शेजारी हसतात, "पेट्रोल फ्री में आता है क्या?" हसू देत. ओवी हँडलला हात लावत नाही आणि आजीच्या दारानं उतरते. न सांगता.

आरसा मी स्वतःच्याच पैशानं बसवून घेतला. दाव्याचा फॉर्म त्या पुस्तकाबरोबर ग्लोव्ह बॉक्समध्ये पडून आहे. शेखावतजींनी दोनदा विचारलं, मी विषय बदलला. नाव, पत्ता, जागा, वेळ, सगळं माझ्या अक्षरात भरलेलं आहे. अंगठा उठवणाऱ्या माणसाचा मुलगा मी, आयुष्यात एकही फॉर्म अर्धवट सोडलेला नाही. पण त्यात एक ओळ आहे — घटनेच्या वेळी इंजिन : चालू / बंद. पुढे दोन चौकोन.

कितीदा पेन टेकवला. दोन्ही कोरे आहेत.