सायलेन्सरचं सर्वोत्तम उत्तर

सायलेन्सर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. जुन्या मोटारसायकलींच्या फोरमवर नाव नोंदवताना त्यांनी ते स्वतःच घेतलं आणि तेच चिकटलं. इतकं, की दारात कोणी आलं की बायकोही आतून हाक मारायची, "अहो सायलेन्सर, तुमच्याकडे आलेत." सायलेन्सरचं काम आवाज दाबायचं, यांच्या तोंडाला तसला भाग देवाने बसवलाच नव्हता. सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेली. तिथे ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नसे. निवृत्त झाले तरी आवाजाची पट्टी तीच राहिली.

राग तर कायम नाकाच्या शेंड्यावर. पण जुनं इंजिन उघडायला बसले की याच माणसाचा हात असा चाले, जशी झोपलेल्या बाळाची टोपी काढावी. त्यामुळे लोक शिव्या खाऊनही त्यांच्याकडे येत.

जुन्या फोरमवर एक रीत होती. कोणी नवखा प्रश्न घेऊन आला की आधी त्याची यथेच्छ टवाळी व्हायची आणि खरं उत्तर यायचं सगळ्यात शेवटी. "आधी तळ गाठ, मग पाना उचल," असं नव्यांना बजावलेलं असे. एवढं शेवटपर्यंत वाचण्याचाही ज्याला धीर नाही, त्याने जुन्या गाडीला हात लावू नये, असा त्यामागचा हिशोब. टवाळीत सायलेन्सर पहिले. तळाशी खरं उत्तर लिहिणारा बहुतेक वेळा त्यांचा जिवलग दोस्त, फ्यूज.

फ्यूज पेशाने वायरमन, बोलायला मोजका. त्याच्या गॅरेजमध्ये दोघांनी मिळून भंगारातून आणलेली एक गाडी उभी केली होती. टाकीला हिरवा रंग सायलेन्सरनी दिला, वायरिंग फ्यूजने केलं. मग फ्यूज गेला आणि गाडी जिथल्या तिथे राहिली. त्या दिवसापासून सायलेन्सर त्या घराकडे फिरकले नाहीत. "ती गाडी गप्प उभी असलेली मला बघवणार नाही," एवढंच ते बायकोला म्हणाले होते.

अशात फोरमचं सॉफ्टवेअर बदललं.

सकाळी चहाचा कप घेऊन ते कॉम्प्युटरसमोर बसले आणि चहा तसाच निवला. पानांचे आकडे गायब. जिकडे तिकडे पसंतीचे अंगठे. उत्तरं आता तारखेप्रमाणे लागत नव्हती. ज्याला जास्त अंगठे ते वर, बाकीची 'आणखी उत्तरे' नावाच्या घडीत कोंबलेली. आणि सायलेन्सरनी कुरकुरत का होईना नव्याने नोंदणी केली होती, पण ज्यांनी केली नाही, त्यांची नावं पुसून तिथे 'माजी सदस्य' असं लिहिलेलं. फ्यूजने इतकी वर्षं लिहिलेलं सगळं आता कुणा माजी सदस्याचं झालं होतं.

"मेलेला माणूस कुठून येणार नव्याने नाव नोंदवायला?" त्यांनी भिंतीला विचारलं. "अक्कल गहाण ठेवून काम करतात लेकाचे."

"तुमचा फोरम म्हणजे तुमची सवत झालीय," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "सवतीनेही केस कापले तर एवढा आरडाओरडा करू नये."

नेहमीप्रमाणे हे भांडण दुपारपर्यंत रंगलं असतं. पण तेवढ्यात त्यांना सगळ्यात वर एक जुना प्रश्न दिसला. गाडी खूप दिवस उभी आहे, किक खाली जात नाही, काय करावं? त्याखाली हिरवी खूण, 'सर्वोत्तम उत्तर', आणि उत्तर असं: "दोन्ही पायांनी किकवर उभे राहा आणि उडी मारा. नाहीच गेली तर सासऱ्यांना बोलवा आणि दोघांनी मिळून मारा." लिहिणारा, सायलेन्सर.

या उत्तराला अख्खा फोरम हसला होता. म्हणून तर एवढे अंगठे होते. खाली आजच कोणीतरी लिहिलं होतं, "धन्यवाद. आज हेच करून बघते. बाबांची गाडी आहे." सोबत फोटो. हिरवी टाकी.

तो रंग सायलेन्सरनी स्वतः दिलेला होता, आणि लिहिणारी फ्यूजची लेक. उभ्या गाडीत पिस्टन गंजून चिकटतो. त्यावर उडी मारली तर पिस्टन हलत नाही, किकच्या गिअरचे दात जातात. आणि या गाडीचा गिअर आता कुठेही मिळत नव्हता. त्यांनी घाईघाईने खाली लिहिलं, "उडी मारू नकोस," आणि पुढे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. पडद्यावर ओळ उमटली, 'आपला मजकूर असभ्य भाषेमुळे तपासणीसाठी रोखला आहे.'

त्यांनी फोरम चालवणाऱ्याला फोन लावला.

"काका, जुनं उत्तर काढता येत नाही. जुनी चर्चा जशीच्या तशी जपायची, असा नियम आहे."

"अरे, खोटं आहे ते. माझंच आहे आणि मीच सांगतोय."

"पण सगळ्यात जास्त अंगठे त्यालाच आहेत."

"हसू आलं म्हणून दिले रे लोकांनी."

"सिस्टिमला ते कळत नाही, काका. तक्रार नोंदवा, बघतो सवडीने."

"तुझी सवड घाल चुलीत," असं म्हणून त्यांनी फोन आपटला. फ्यूजच्या लेकीचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. फ्यूजचा होता, पण तो आता कोण उचलणार. त्यांनी जॅकेट घेतलं.

"त्या घरी जायचं नव्हतं ना?" बायकोने विचारलं. ते तोवर उंबरठ्याबाहेर होते.

गॅरेजचं शटर अर्धं वर होतं. फ्यूजची लेक उलट्या खोक्यावर बसली होती. गुडघा खरचटलेला. गाडीची किक मोडक्या हातासारखी लोंबत होती.

"कोणी सांगितलं तुला उडी मारायला?" सायलेन्सर सवयीनेच गरजले.

"तुम्ही," ती म्हणाली.

"अगं, ते सॉफ्टवेअर—"

"सॉफ्टवेअरने नाही लिहिलं ते. बाबा म्हणायचे, सायलेन्सर तोंडाचा फाटका आहे, पण गाडीबद्दल कधी चुकीचं सांगणार नाही. तुमचं नाव दिसलं, म्हणून पुढचं वाचलंच नाही मी."

"गंमत होती ती."

"गंमत." ती उठून उभी राहिली. "बाबा गेले त्यानंतर एकदा तरी आलात? एक फोन तरी? मी कोणाला विचारायचं होतं, काका? त्या फोरमशिवाय होतं कोण?"

सायलेन्सरना आता राग काढायला समोर कोणी नव्हतं. त्यांनी तिचा फोन मागितला, 'आणखी उत्तरे'ची घडी उघडली आणि अंगठ्याने खाली, खाली, अगदी तळापर्यंत गेले. मग फोन तिच्या हातात परत दिला. 'माजी सदस्य'ने लिहिलं होतं:

"वरच्या सायलेन्सरचं ऐकू नका. त्याला सासरे नाहीत, म्हणून दुसऱ्यांच्या सासऱ्यांना कामाला लावतो. पिस्टन चिकटला असेल. प्लग काढा, भोकातून पातळ तेल सोडा आणि थांबा. रोज थोडं. मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळूच हलवून बघा. ताकद लावू नका. अडलंच तर सायलेन्सरलाच बोलवा. शिव्या देत येईल, पण येईल."

तिने ते वाचलं आणि पुन्हा वरून वाचलं.

"बाबा," ती म्हणाली.

"हो. नाव पुसलंय हरामखोरांनी. पण त्याचंच आहे."

मग फळीवरून तेलाचा डबा काढून तिने त्यांच्यापुढे धरला. डोळे भरले होते, पण राग गेलेला नव्हता.

"तेल तुम्ही घालायचं. उद्याही. परवाही. पिस्टन सुटेपर्यंत. आणि त्या किकचं काय करायचं तेही तुम्हीच बघायचं."

"दात भरून आणतो. लेथवाला आहे ओळखीचा. पण तो महामूर्ख—" ते थांबले.

"द्या शिव्या," ती म्हणाली. "पण यायचं."

सायलेन्सरनी खाली बसून प्लगला पाना लावला. "येतो," ते म्हणाले, पण आवाज इतका खाली होता की तिला पुन्हा विचारावं लागलं.