सत्तेचाळीस नंबरचा शिक्का

बाळाराम पोवार कोल्हापूरकडच्या साखर कारखान्यातला वेल्डर. हंगामाआधी पाण्याचा दाब चढवून पाइपांची चाचणी व्हायची. तेव्हा ज्याचा जोड त्याने जोडावर हात ठेवून उभं राहायचं, ही तिथली रीत. जोड फुटला तर पहिला मार त्यालाच.

सत्याहत्तर साली तो सौदीत आला. रास तनुराच्या अलीकडे खजुराच्या बागा तोडून नवी रिफायनरी उभी राहत होती. बागांच्या विहिरी बुजवल्या होत्या. तरी पाइपांखालून खजुराचे कोंब वर यायचे, आणि ते छाटायला माणूस ठेवला होता.

इथे प्रत्येक वेल्डरला नंबराचा पोलादी शिक्का मिळे. बाळारामचा सत्तेचाळीस. जोड झाला की शेजारी नंबर ठोकायचा. चाचणीला मात्र तो कारखान्यातल्यासारखाच हात ठेवून उभा राही. रत्नागिरीचा फिटर जमालुद्दीन चिडवायचा, "पोवार, जोड आहे की जावई? किती ते लाड!"

एकदा फोरमनने शिक्का मागितला. त्याच्या भाच्याने सहा जोड केले होते. भाच्याची परीक्षा झालेली नव्हती, त्याला नंबरच नव्हता. बाळारामने सरळ नकार दिला. जेवून येईपर्यंत कुणीतरी त्याची पेटी उघडली होती, आणि सहाही जोडांवर सत्तेचाळीस ठोकला होता.

तो तक्रार घेऊन ऑफिसात धावला. साहेबाने बाहेर बसवून ठेवलं.

तेवढ्यात चाचणी सुरू झाली. पोवार दिसेना, म्हणून जमालुद्दीन त्याच्या जागी गेला. नंबर वाचला आणि निर्धास्तपणे हात ठेवला. जोड उकलला. तीन बोटं गेली.

भाच्याला कुणी काही विचारलं नाही. फोरमनलाही नाही. तिसऱ्या दिवशी कफीलच्या, म्हणजे कामगारांचे पासपोर्ट ठेवून घेणाऱ्या अरब मालकाच्या, कारकुनाने बाळारामपुढे कागद टाकला. चूक सत्तेचाळीस नंबरची. सही कर, पासपोर्ट घे, खलास.

बाळारामने लिहिलं. कारकुनाने मराठी ओळ पाहिली, तीच सही समजला आणि पासपोर्ट दिला.

विमानाआधी तो दवाखान्यात गेला. जमालुद्दीनचा हात पांढऱ्या बोचक्यासारखा उशीवर होता.

"जोड माझा न्हवता, जमालभाई."

"ठाऊक आहे. तुझा असता तर तू तिथे असतास." मग त्याने विचारलं, "सही केलीस?"

"सहीच्या जागी लिवलं, हे सहा जोड माझे नाहीत."

"आणि ते घेतलं त्यांनी?"

"वाचता कुणाला येतंय?"

खोलीत सात खाटा होत्या. सगळ्यांवर साइटवरचीच माणसं होती, मराठी न कळणारी. जमालुद्दीन उठून बसला.

"हिंदीत सांग," तो म्हणाला. "मोठ्याने सांग. फोरमनचं नाव घेऊन सांग."