बलगमाचा रंग

माझा खोकला मंजिरीच्या लग्नाच्या आड येणार, यावर घरात एकमत झालं होतं; खोकल्याला तेवढं कुणी विचारलं नव्हतं.

मंजिरी माझी मुलगी. मुलगा तिनंच पसंत केलेला, पण त्याच्या घरचे लातूरहून रविवारी प्रथमच येणार होते. आणि मी असा खोकत होतो की खालच्या मजल्यावरचे शेजारी वर येऊन पाहून जात!

"त्यांना वाटेल, बापाला टीबी आहे," बायको सुधा म्हणाली. "नक्को म्हणतील पोरीला!"

मला हसू आलं नाही, कारण मलाही तीच भीती होती. छातीत घरघर, अंगात कसर. मनातल्या मनात मी कन्यादानाला धाकटा भाऊसुद्धा नेमून टाकला (त्याला सोवळं नेसता येत नाही, पण इलाज काय!).

शेवटी तारनाक्याच्या म्हाताऱ्या डॉक्टरसाहेबांकडे सुधाला घेऊन गेलो. त्यांनी पाठीला नळी लावली आणि मान वर न करताच विचारलं,

"बलगम है क्या?"

आता माझं आयुष्य गेलं कुकटपल्लीच्या कारखान्यात, तेलुगू दोस्तांत. तेलुगूत बलगम म्हणजे सगेसोयरे, गणगोत. पाहुण्यांना लागण होईल म्हणून विचारताहेत, हे मी लगेच ताडलं. (फार हुशार!)

"है ना साब, बहोत है!"

"कित्ता आता?"

"गाडी भरके आता!"

डॉक्टरांचा पेन थांबला. "रंग कैसा है?"

"सब गोरेच हैं, साब. फोटो में एक मामा थोडा पीला दिखता."

"खून?" ते पुढे झुकले.

"खून का रिश्ता अभी किधर, साब? शादी के बाद!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. मी सुधाकडे पाहिलं, तर ती पदरात तोंड खुपसून गदगदत होती. रडतेय! म्हणजे आटोपलंच!

"साब, सच बोलो," मी कसंबसं म्हणालो. "बेटी की शादी देखतूं ना मैं?"

"अहो, बलगम म्हणजे कफ!" सुधाला हसता हसता श्वास पुरेना. "छातीतला कफ!" ती अंबरपेठची, उर्दू कोळून प्यालेली.

डॉक्टरांनी डोळे पुसले आणि सांगितलं, टीबी वगैरे काही नाही. व्हायरल ब्राँकायटिस, श्वासनळ्यांना सूज. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही; आराम करा, भरपूर पाणी प्या, मास्क लावा. खोकला काही आठवडे रेंगाळेल. दम लागला, ताप हटेना किंवा कफात रक्त दिसलं, तर मात्र ताबडतोब या.

रविवारी मी मास्क लावून खिडकीशी, सगळ्यांपासून लांब बसलो. खोकला दाबून दाबून डोळ्यांत पाणी आलं. आणि पोहे वाटत असतानाच तो सुटला! मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली.

"तब्येत... जास्त आहे का?"

मंजिरीचा चेहरा उतरला. मग तिनं एका दमात अख्खी हकिकत सांगून टाकली. व्हायरल, बलगम, गाडी भरून, आणि मी खाणाखुणा करत असतानाही... पिवळा मामा! मामा माझ्या समोरच बसले होते. सगळ्यांचे चमचे बशीतच थांबले. माझा खोकलासुद्धा थांबला.

मामा सावकाश उठले. "म्हणजे आमचा फोटो नीट बघितला म्हणायचा तुम्ही!" म्हणाले, आणि हसता हसता त्यांनाच ठसका लागला.

लग्न झालं. कन्यादान मीच केलं. खोकला कधीच गेला, बलगम मात्र दर दिवाळीला गाडी भरून येतं आणि दारातूनच विचारतं, "व्याही, रंग कसाय आमचा?"