मेरीचा इंटरव्ह्यू आणि आमचे पोहे

दुसऱ्याला शिकवायला बसलं की आपलेच किस्से साठत जातात. पनवेलच्या आमच्या कॉलेजात समाजसेवेचे तास भरल्याशिवाय सर्टिफिकेट मिळत नाही. म्हणून मी आणि प्रथमेश दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर मेरीला इंग्रजी शिकवू लागलो. मेरी दक्षिण सुदानची. लढाईत गाव सुटलं, आता केनियातल्या निर्वासितांच्या छावणीत राहते. तिला स्कॉलरशिपचा इंटरव्ह्यू द्यायचा होता. तो हुकला तर छावणीबाहेर पडायला दुसरा रस्ता नव्हता.

पहिल्या कॉलला मी घोकून ठेवलेली ओळख इंग्रजीत सांगितली. मेरीने शांतपणे ऐकलं आणि माझ्याहून सफाईदार इंग्रजीत विचारलं, की आज शिकवणाऱ्या बाई येणार नाहीत का?

मग इंग्रजी सोडून इंटरव्ह्यूची तयारी करून घ्यायचं ठरलं. त्यात तर आम्ही एक्स्पर्ट! दोघंही कॅम्पस इंटरव्ह्यूत दोनदा नापास.

मी विचारलं, "पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतेस?"

"घरी," मेरी म्हणाली.

प्रथमेशने वहीत शेरा मारला: उत्तर फार त्रोटक.

कॉल खांदा कॉलनीत प्रथमेशच्या घरून व्हायचे. तिथे वायफाय होतं आणि त्याच्या आईचे पोहे. एकदा काकू बश्या घेऊन आल्या नि स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "पोरगी जेवली का नाय? ईचार तिला."

आम्ही विचारलं. आपल्याकडे या प्रश्नाला कुणी नाही म्हणत नाही. मेरी 'नाही' म्हणाली. छावणीत एकदाच जेवण, तेही संध्याकाळी.

प्रथमेशने 'नेटवर्क गेलं' म्हणत कॅमेरा बंद केला आणि आम्ही पोहे संपवले. लाज वाटते, पण संपवले.

पुढच्या शनिवारी पोहे आलेच नाहीत. काकू खुर्ची ओढून आमच्या मध्ये बसल्या. "आता ती जेवंल तवाच आपन जेवायचं." तेव्हापासून कॉल संध्याकाळी. तिची थाळी तिकडे, आमची इकडे, आणि सुरुवातीला मेरीच विचारणार, जेवलात का?

मेरीची निवड झाली! आम्ही घरभर नाचलो. शेवटी आमची तयारी फळाला आली. कुठलं उत्तर वापरलंस, असं मी मोठ्या ऐटीत विचारलं.

"एकही नाही," मेरी म्हणाली. "समोरच्या मॅडम फार दमलेल्या दिसत होत्या. म्हणून आधी मीच विचारलं, जेवलात का?"

"मग?"

"त्या नाही म्हणाल्या."