पुन्हा सुचलेली तिसरी मूव्हमेंट

तिसऱ्या मूव्हमेंटच्या, म्हणजे रचनेच्या तिसऱ्या भागाच्या, चौथ्या पानावर माझी बोटं डोळ्यांच्या पुढे धावायला लागली. पुढची नोट वाचायच्या आधीच मी ती कम्प्युटरवर टाकत होते. याचा अर्थ एकच. हे संगीत माझ्या हातांखालून आधी गेलेलं होतं.

मी तंजावूरला घरी बसून कॉपिस्टचं काम करते. कंपोझर सगळ्या वाद्यांचं मिळून एक मोठं हस्तलिखित पाठवतो, तो स्कोअर. त्यातून प्रत्येक वादकापुरता वेगळा कागद काढायचा, तो पार्ट. हा स्कोअर माधवमामांचा होता. मामा आमच्याच गावचे, लांबच्या नात्यातले. तरुणपणी हॉलंडला गेले आणि तिथेच ऑर्केस्ट्रासाठी लिहीत राहिले. बारा वर्षं त्यांचा प्रत्येक स्कोअर माझ्याकडे येतो.

मी जुन्या फाइली उघडल्या. सहा वर्षांपूर्वीच्या रचनेत सापडलं. बासष्ट बार, म्हणजे तालाचे बासष्ट कप्पे, जसेच्या तसे.

स्वतःचं जुनं पुन्हा वापरणं या कामात नवीन नाही. पण एका जागी मी थबकले. व्हायोला हे व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं वाद्य, त्याची सर्वांत खालच्या सुराची तार 'सी'. इथे त्याच्याही खालचा 'बी' लिहिला होता. तो त्या वाद्यावर निघतच नाही. सहा वर्षांपूर्वी मामांनी नेमकी हीच चूक केली होती. मी दाखवली, त्यांनी हस्तलिखितातच सुधारली. छापील प्रतीतही ती नाही. म्हणजे त्यांनी हे कुठून उतरवलं नव्हतं. त्यांना ते नव्याने सुचलं होतं.

मी फोन लावला.

"मामा, तिसरी मूव्हमेंट जुन्या रचनेवरून घेतली का?"

"जुन्या? नाही गं. गेल्या मंगळवारी चालताना सुचली. बेस जमलीय ना?"

"व्हायोलाला बी दिलाय."

ते हसले. "बघ, इतक्या वर्षांत ही चूक कधी केली नव्हती."

मी "हो" म्हणून फोन ठेवला. आईने आणून ठेवलेली कॉफी तशीच निवून गेली.

तालमी तीन आठवड्यांवर होत्या. रचना संपूर्ण नवी हवी, असं ऑर्केस्ट्राच्या करारात होतं. मी गप्प राहिले असते तर वादकांपैकी कुणीतरी ओळखलंच असतं, आणि लोकांनी मामांना लबाड ठरवलं असतं. दोन्ही पानं मी त्यांच्या बायकोला, एल्सला, मेल केली.

तिचा लगेच फोन आला. ती म्हणाली, "यंदा त्याने तंजावूरच्या एकाच प्रवासाची तिकिटं दोनदा काढली. मला वाटलं, गडबडीत झालं असेल."

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन. आवाज शांत होता.

"ललिता, बारा वर्षं प्रत्येक चूक तू मला सांगितलीस. हीच तेवढी एल्सला?"

मी दोन्ही पानांची फाइल उघडली.

"ती पानं मलाही पाठव," ते म्हणाले.

तपासण्या झाल्या. विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑर्केस्ट्राला मामांनी स्वतः पत्र लिहिलं आणि तिसरी मूव्हमेंट मागे घेतली. पहिल्या दोन मी त्यांच्या सगळ्या जुन्या कामाशी ताडून पाहिल्या. त्या नव्या होत्या. तेवढ्याच वाजल्या.

मामा अजून लिहितात, एकेक पानाचं. पाठवताना विचारतात, "हे आधी लिहिलंय का?" एकदा खरंच लिहिलेलं होतं. मी तसं सांगितलं. "बरं," म्हणाले, आणि जेवणाची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

स्कोअरमधली चूक आधी कंपोझरला सांगायची, हा कॉपिस्टचा पहिला नियम. चूक मोठी असली म्हणून तो बदलत नाही.