सासूबाईंच्या शेवयांतलं मीठ

सासूबाई मिरजेच्या दवाखान्यात होत्या तेव्हा माझ्या पर्समध्ये तीन याद्या असायच्या. एक औषधांची, एक घरून आणायच्या वस्तूंची आणि एक त्यांनी दिवसभरात काय खाल्लं याची. तिसरीत आठवडाभर एकच नोंद होती : चहा, दोन चमचे. दोन दिवस तर तीही नव्हती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन नीट झालं, पण त्यानंतर त्यांनी खाणंच सोडलं. त्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळी मी येईपर्यंत तोंडानं काही गेलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल."

डॉक्टर बाहेर पडताच सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "नळी नगं गं. तू तरी घालू दिऊ नगंस."

त्यांची थोरली बहीण शेवटचे पाच महिने नळीवर होती. वडूजला तिच्या उशाशी रोज जाऊन बसणाऱ्या याच.

"मग खावं लागेल, आई. काय करून आणू?"

त्या म्हणाल्या, "तिकट शेवया आण. माज्या."

त्यांच्या शेवया म्हणजे दर उन्हाळ्यात त्या गावी स्वतः करायच्या, खाटेवर वाळवायच्या आणि डबा भरून आमच्याकडे सांगलीला पाठवायच्या, त्या. त्या शेवयांची मी फक्त खीर करायची. उपमा विकतच्या, भाजून मिळणाऱ्या शेवयांचा. ऑफिसला जायच्या घाईत दहा मिनिटांत होतो, चुरडायला नको की भाजायला नको. इतक्या वर्षांत हा नेम कधी बदलला नव्हता.

नवऱ्याला त्यांच्यापाशी बसवून मी रिक्षानं घरी आले. दोन वाट्या शेवया चुरडून तुपावर तांबूस भाजल्या. फोडणीत मोहरी, कढीपत्ता, अगदी बारीक चिरलेला कांदा, एकच मिरची. त्यांना चावायचा त्रास नको म्हणून शेंगदाणे टाळले. आधण नेहमीपेक्षा वाटीभर जास्त, म्हणजे मऊ होतील. मीठ एक सपाट चमचा. झाकण ठेवलं, वाफ आणली, डबा भरला. चव बघितली नाही. मी मापानं करते, त्यामुळे सहसा बघावी लागत नाही.

डबा उघडला आणि त्यांनी आपणहून तोंड उघडलं. नवरा स्टुलावरून उठून उभाच राहिला. त्यांनी दोनदा चावलं, थांबल्या, आणि घास माझ्या तळहातावर काढून टाकला.

"खारट हाय."

"अहो आई, बेताचंच घातलंय."

"अगं, माज्या पिठातच मीठ असतंया. सव्वीस वरसं खातीयास, तुला ठावं न्हाई व्हय?"

"तिच्या यादीत नव्हतं ते," नवरा म्हणाला. त्या हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या. मला हसू आलं नाही. त्यांच्या जिभेला भेगा पडल्या होत्या, आणि हसता हसताच डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं. मी बोट ओलं करून त्यांच्या ओठांवरून फिरवलं.

"दुसऱ्या करून आणते. बिनमिठाच्या."

"आण," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा सांगली गाठली. पुन्हा तेच सगळं केलं, मीठ सोडून. या वेळी चव बघितली. अगदी बरोबर होती. पिठातलं मीठ खिरीत गुळाखाली मला इतकी वर्षं कधी कळलंच नव्हतं.

डॉक्टर यायच्या अर्धा तास आधी मी परत पोचले. चमचा ओठांना लावला. ओठ उघडले नाहीत.

"आई, एकच घास. आता खारट नाही."

"तोंड जळतंया गं. ऱ्हाऊ दे."

मी दोनदा, तीनदा म्हटलं. नवरा म्हणाला, "आता बास कर."

नळीसाठी घरच्या माणसाची सही हवी होती. नवरा कागद हातात घेऊन नुसता उभा राहिला. पेन माझ्याकडे असतंच. सही मी केली. तो डबा आम्ही दोघांनी बाहेरच्या बाकावर संपवला. टाकवेना.

आता त्या आमच्याकडेच असतात, नळी अजून आहे. दर दोन तासांनी डाळीचं पाणी, ताक, फळांचा रस. वेळा भिंतीवर लावल्या आहेत. मी सिरिंज भरते तेव्हा त्या माझ्या हाताकडे बघत असतात.

"मीठ बगितलंस का?" बहुतेक रोज विचारतात. टोमणा असतो की सवय, ते मी विचारत नाही. नळीतून जाणाऱ्या ताकाची चव त्यांच्या जिभेला लागणार नसते, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे. तरी मी चमचाभर ताक माझ्या तोंडात घालते आणि सांगते, "बघितलं, आई. बरोबर आहे."